हैबतबाबांची पायरी आणि आपली सोसायटी

आपल्या सोसायटीला २५ वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीच्या मंडळींनी गेल्या महिन्यात मला गाठले आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत अधिकारी होता, सोसायटीचे अध्यक्ष होता. नेतृत्व कसं करावं, यावर मुलांसाठी काहीतरी लिहा." मी म्हटले, अरे बाबांनो, त्यावरची पुस्तके ढिगाने पडली आहेत. चाकणच्या कंपन्यांत नोकरी करणारी आपली पोरे त्याचे दोन-दोन दिवसांचे वर्ग करून येतात, सर्टिफिकेट घेऊन येतात. त्यात मी म्हाताऱ्याने काय भर घालायची?

पण मग विचार केला, आपण राहतो आळंदीत. ज्याच्याकडून हा विषय शिकावा, असा एक माणूस आपल्या दारात पायरी होऊन बसला आहे. आपण रोज त्या पायरीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि पुढे जातो. तेव्हा त्याच्यावरच लिहावे. थोडा इतिहास आणि शेवटी थोडी माझी कबुली, असा हा लेख आहे. गोड मानून घ्यावा.

आरफळचे सरदार

माउलींच्या मंदिराच्या महाद्वारातली पहिली पायरी हैबतबाबांची. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचे पूजन होते आणि मगच संजीवन समाधी सोहळा सुरू होतो. माउलींनी समाधी घेतली शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली. हैबतबाबा त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी झाले. तरी उत्सवात पहिला मान त्यांच्या पायरीला. असे का?

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. म्हणून आरफळकर. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. मिळवलेली दौलत घेऊन गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडले, तिथे त्यांनी हरिपाठ चालू ठेवला आणि अखेर सुटका झाली, अशी कथा सांगतात. पुढे गावी न राहता ते आळंदीला आले आणि माउलींच्या सेवेत राहिले.

वारी त्यांनी सुरू केली, असे काही जण समजतात. तसे नाही. वारी फार जुनी. पालखीची प्रथासुद्धा त्यांच्या आधीची. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी सुरू केली. त्या पालखीत तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकत्र असत. पालखी देहूहून आळंदीला येई आणि मग पंढरपूरला जाई. पुढच्या पिढ्यांत हक्कावरून भाऊबंदकी झाली, वाद वाढले. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली.

तो काळ आठवा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली होती. सरदारांचे सरदारपण गेले होते, शिपायांच्या तलवारी माळ्यावर गेल्या होते असे म्हटले तरी चालेल. अशा वेळी एका माजी सरदाराने हाताशी असलेली विद्या वापरली. ती विद्या म्हणजे हजारो माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शिस्तीत कशी न्यायची. फौजेतले सगळे त्याने वारीत आणले, फक्त लढाई तेवढी वगळली. घोडे आले, तंबू आले, तळ आला, चोपदार आले, कर्णा आला. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. ना लाऊडस्पीकर, ना मोबाइल.

एकट्याने हे जमले नाही, हेही लक्षात घ्या. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था केली. आजसुद्धा दरवर्षी अंकलीहून माउलींचे अश्व पायी चालत आळंदीला येतात. वासकर महाराजांसारख्या मंडळींनी भजनाची घडी बसवून दिली. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, हे ठरले. म्हणजे पैसा एकाचा, भजन दुसऱ्याचे, शिस्त तिसऱ्याची. बाबांचे मोठेपण असे की ज्याला जे येते ते त्याच्याकडे दिले आणि मग त्यात हात घातला नाही.

दिंडीत पुढारी कुठे असतो?

आपल्यापैकी बरेच जण वारीत चाललेत. निदान आळंदी ते पुणे तरी. पण दिंडीची रचना कधी निरखून पाहिलीय का? सगळ्यात पुढे भगव्या पताका घेतलेले. मग टाळकऱ्यांच्या ओळी. मग मृदंग. त्यांच्या मागे विणेकरी. आणि त्याच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या.

दिंडीचा खरा सूत्रधार विणेकरी. अभंग त्याच्या सुराने चालतो. पण तो पुढे नाही. पुढे असता तर मागे कोण दमले, कोणाचा ठेका सुटला, हे त्याला कळलेच नसते. ही गोष्ट मला वयाच्या पासष्टीला उमगली. नोकरीत असताना मी नेहमी पुढे चालत असे, आणि मागे वळून पाहिले की रागच येई, की हे लोक इतके मागे का?

रथाच्या पुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. प्रत्येकीला क्रमांक आहे, आणि तो क्रमांक कोणी ओलांडत नाही. दिंडीत श्रीमंत शेतकरी असतो, मजूर असतो, आता आयटीतली पोरेही असतात. जागा ठरते ती दिंडीवर, खिशावर नाही. अर्थात सगळे आदर्शच होते, असेही म्हणू नये. इरावती कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात वारीतल्या जेवणाच्या वेगवेगळ्या पंगतींबद्दल दुःख व्यक्त केले आहे. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसत. व्यवस्था कितीही चांगली असली, तरी ती माणसांनीच चालवायची असते. म्हणून तिच्यातल्या उणिवा बोलून दाखवणारेही लागतात. बाबांनी त्यासाठीसुद्धा एक सोय करून ठेवली आहे, आणि या लेखात मला मुख्यतः तीच सांगायची आहे.

एक टाळ

संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार आपला दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत. हजारो टाळ एकदम थांबतात. ज्यांनी हे ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. अंगावर काटा येतो.

पण कधी कधी सगळे थांबले तरी एखादी दिंडी थांबत नाही. तिचा टाळ वाजतच राहतो. नवख्याला वाटते, ही काय बेशिस्त! ती बेशिस्त नसते, ती तक्रार असते. आज आमच्यावर अन्याय झाला, कोणी आमच्या क्रमात घुसले, आम्हाला पाणी मिळाले नाही, जागा मिळाली नाही, असे काही असेल तर त्या दिंडीने टाळ वाजवत राहायचा. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे चालत जातात. विचारतात. तक्रार पुढे मांडली जाते, तिचा निवाडा होतो आणि मग तो टाळ थांबतो. नंतर दिवसभरात सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, हरवलेल्या सांगितल्या जातात. उद्या किती वाजता निघायचे ते जाहीर होते. हे सगळे झाल्यावर आरती. तिला समाज आरती म्हणतात.

आता यातला क्रम बघा. आधी तक्रार, मग सूचना, आणि शेवटी आरती. एका दिंडीचे मन दुखावलेले असताना हजारोंची आरती थांबते. मी सदतीस-अडतीस वर्षे बँकेत काढली, शेकडो मीटिंगांना बसलो. इतकी साधी आणि इतकी सुंदर पद्धत मला दुसरीकडे दिसली नाही.

शाखेतला टाळ

आता माझी कबुली.

१९८९ सालची गोष्ट. मी नुकताच शाखाधिकारी झालो होतो. वय अडतीसच्या आसपास, आवाज मोठा, आणि त्या आवाजाचा मला अभिमान. एका संध्याकाळी कॅश जुळेना. पाच हजार रुपये कमी. त्या काळात पाच हजार ही लहान रक्कम नव्हती. हेड कॅशिअर वयाने माझ्यापेक्षा मोठे, अत्यंत सरळ माणूस. घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा नोटा मोजत होते. मी सगळ्या स्टाफसमोर त्यांना नको ते बोललो. "खिसे तपासायची वेळ आणू नका," असे शब्द माझ्या तोंडून गेले. लिहितानाही लाज वाटते.

आमचा दप्तरी बाजूला उभा होता. "साहेब, एक सांगू का?" असे तो दोनदा म्हणाला. मी त्याला गप्प बसवले. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा अक्षरशः ओरडलो, "तू तुझं काम कर!" रात्री साडेनऊ वाजता, मी चहा प्यायला बाहेर गेलो असताना, त्याने आदल्या दिवसाचा शिवलेला व्हाउचरचा गठ्ठा काढून आमच्या अकाउंटंटसमोर ठेवला. त्या दिवसाचे एक पेमेंटचे व्हाउचर चुकून आदल्या दिवसाच्या गठ्ठ्यात शिवले गेले होते. बरोबर पाच हजारांचे. गठ्ठे शिवायचे काम त्याचेच. शिवताना एक कागद जास्त वाटला होता, आणि तेच तो चार तास सांगायचा प्रयत्न करत होता.

दुसऱ्या दिवशी मी हेड कॅशिअरना केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. ते "असू द्या साहेब" म्हणाले. पण नंतरची दीड वर्षे, माझी बदली होईपर्यंत, ते माझ्याबरोबर डबा खायला कधी बसले नाहीत. फार नंतर मला समजले. अपमान केला होता चारचौघांत, आणि माफी मागितली दार लावून. हिशेब जुळला नाही. बँकेच्या माणसाला हे कळायला हवे होते.

त्या शाखेत टाळ वाजत होता. चोपदाराला ऐकू आला नाही, कारण त्याचा स्वतःचाच आवाज फार मोठा होता.

माणसे आधी

याच सुमारास पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यातली कारखानदारी आम्ही जवळून बघत होतो. कर्जाच्या निमित्ताने जाणे होई. आपल्या सोसायटीतले कितीतरी सभासद त्या कारखान्यांतून निवृत्त झाले आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सुमंत मुळगावकरांनी १९६६ मध्ये टेल्कोचे पुण्याचे काम सुरू केले, ते गाड्या बनवण्यापासून नव्हे. आधी यंत्रे तयार करणारा विभाग, आधी शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण, आधी झाडे. माणूस तयार झाला की माल आपोआप तयार होतो, असा तो हिशेब होता.

आपल्या आळंदीतही तेच झाले. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. मुलांनी गावात माधुकरी मागायची आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकायची. जोग महाराज १९२० मध्येच गेले. संस्था हाती घेऊन त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. पण तेवढ्यात बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर यांच्यासारखी माणसे त्यांनी तयार केली होती. हे सोनोपंत पुढे पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दिवसा तत्त्वज्ञान शिकवायचे आणि आषाढीला खांद्यावर पताका घेऊन चालायचे. संस्थेला शंभर वर्षे होऊन गेली, आजही आळंदीत पहाटे मुलांचे पाठ चालू असतात.

हैबतबाबांचेही तसेच. पालखी स्वतंत्र काढल्यावर ते फार वर्षे राहिले नाहीत. १८३६ च्या सुमारास गेले. चार-पाच वाऱ्या जेमतेम त्यांच्या देखत झाल्या असतील. पण त्यांनी बसवलेली घडी १९० वर्षे टिकली. आज संस्थानचे सोहळाप्रमुख आहेत, आरफळकर घराण्याकडे मालकीचा मान आहे, चोपदार आहेत, दिंडीप्रमुख आहेत. ज्याचे त्याचे काम ठरलेले. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे वारी पायी गेली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ते दृश्य टीव्हीवर बघताना आपल्या पार्किंगमधल्या कट्ट्यावर आम्ही सगळे म्हातारे रडलो होतो. पण २०२२ मध्ये कर्णा वाजला आणि सगळे आपापल्या जागी उभे राहिले. कोणाला काही नव्याने शिकवावे लागले नाही.

आपल्या सभेतला आयत्या वेळचा विषय

आता आपल्या घरात येतो. २००० साली सोसायटी नोंदली गेली तेव्हा समोर ऊस होता आणि रस्ता मातीचा. पाण्याला टँकर. पहिल्या कमिटीने किती हेलपाटे घातले, ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेच आहे. मी निवृत्त झाल्यावर २०१२ मध्ये अध्यक्ष झालो. सहकार कायद्यात आपण सगळे समान. फ्लॅट दोन खोल्यांचा असो की तीन, मत एकच. कागदावर हे फार छान आहे.

२०१४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वरच्या मजल्यावरच्या एक भगिनी उभ्या राहिल्या. त्या एकट्या राहत. त्यांच्या स्वयंपाकघराचे छत दोन पावसाळे गळत होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली तशी मी सांगितले, "ताई, हा विषय शेवटी घेऊ, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत." मग हिशेब झाले, ऑडिटरची नेमणूक झाली, रंगकामावर तासभर भांडण झाले. शेवटचा विषय आला तेव्हा निम्मे लोक उठले होते, बाकीच्यांच्या हातात सामोसे होते. "सर्व ठराव एकमताने मंजूर" असे मी इतिवृत्तात लिहिले. त्या ताई तोपर्यंत घरी निघून गेल्या होत्या.

त्याच वर्षी श्रावणात त्यांच्या छताचा पोपडा गॅसजवळ पडला. दैव बलवत्तर म्हणून त्या बाहेरच्या खोलीत होत्या. मी बघायला गेलो. त्या रागावल्या नाहीत. चहा केला. फक्त म्हणाल्या, "भाऊ, मी सांगत होते ना." मला एकदम १९८९ चा दप्तरी आठवला. पंचवीस वर्षांत पगार वाढला, पद वाढले, केस पिकले, आणि मी मात्र तिथेच उभा होतो.

छत दुरुस्त झाले. पण मला शांत वाटेना. नंतरच्या वारीत तळावर समाज आरतीला उभा होतो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी तक्रार आधी ठेवली आणि आरती शेवटी. आम्ही आरती आधी ठेवली होती आणि तक्रार सामोशाबरोबर. पुढच्या वर्षीपासून आपल्या सभेच्या आधी अर्धा तास फक्त गाऱ्हाणी ऐकायची प्रथा सुरू झाली, ती ही अशी. नव्या सभासदांना वाटते, ही कुठून तरी नियमातच आहे. नियमात नाही. ती हैबतबाबांची आहे. आणि पुढच्या सभेत मी त्या ताईंची माफी मागितली, सगळ्यांसमोर. या वेळी दार लावले नाही.

आणखी एक चूक सांगून टाकतो. मी २०१७ मध्ये पद सोडायला हवे होते. "दुसरं कोणी पुढे येत नाही हो" असे म्हणत आणखी तीन वर्षे चिकटून राहिलो. खरे तर कोणी पुढे येईल अशी जागाच मी ठेवली नव्हती. चेकबुक माझ्याकडे, प्लंबरचा नंबर माझ्याकडे, पाण्याच्या व्हॉल्व्हची किल्ली माझ्याकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आजारी पडलो आणि घरात अडकलो. तेव्हा चाकणला कंपनीत काम करणाऱ्या, आपल्याच एका बी विंगमधल्या मुलीने ग्रुपवर याद्या करून भाजी, औषधे, दूध सगळ्यांच्या दारात पोचवले. मला विचारायला ती एकदाही आली नाही, आणि काही अडले नाही. आधी मला राग आला. मग हसू आले. मग बरे वाटले. आज ती आपली सचिव आहे. तिच्या नोटिसा मोबाइलवर येतात, त्या मला चष्मा लावूनही नीट दिसत नाहीत, तो भाग वेगळा. ताई, अक्षर जरा मोठे करा, ही माझी पहिली तक्रार समजा. टाळ वाजतो आहे.

मुलांनो, कंपनीत तुम्ही टीम सांभाळाल, घरात आई-वडील, मुले सांभाळाल, उद्या ही सोसायटी सांभाळाल. पुढची पंचवीस वर्षे सोपी नाहीत. इमारत म्हातारी होते आहे, पाण्याचा प्रश्न आहे, पुनर्विकासाची चर्चा सुरू होईल आणि तेव्हा भले भले एकमेकांचे तोंड बघणार नाहीत. त्या वेळी बहुमत मोजाच, पण सगळे शांत झाल्यावर कोणाचा टाळ अजून वाजतोय, तेवढे जरा ऐका. आणि उठून त्याच्याजवळ चालत जा. त्याला आपल्याजवळ बोलावू नका.

हैबतबाबा सरदार होते. हत्ती-घोडे त्यांनी पाहिले होते. त्यांना समाधीसाठी मंदिराच्या आवारात एखादी मोक्याची जागा मागता आली असती. पण वारकऱ्यांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी पायरीची जागा पत्करली, असे सांगतात. पुढच्या वेळी महाद्वारात गेलात की क्षणभर थांबा. आपल्या आधी किती जण त्या पायरीवरून वर गेले असतील, त्याचा हिशेब करून बघा. मी बँकेतला माणूस, पण मलाही तो जमलेला नाही.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.

रामकृष्ण हरी.